याजकाची मूठ

शिलोच्या देवस्थानापाशी एका कुटुंबाने यज्ञपशूचे मांस शिजायला ठेवले आहे. याजकाचा नोकर हातात तीन दातांचा काटा घेऊन येतो, तो भांड्यात खुपसतो आणि काट्याला लागून जेवढे वर येईल तेवढे याजकाचे म्हणून उचलून नेतो. पुढे पुढे त्याला तेवढाही धीर राहत नाही. चरबी वेदीवर जळण्याआधीच तो दत्त म्हणून उभा राहतो आणि सांगतो की याजकाला भाजण्यासाठी मांस हवे आहे, शिजलेले चालणार नाही, कच्चेच दे. यज्ञ करणारा माणूस म्हणतो, आधी चरबी जळू दे, मग तुझ्या मनाला येईल तेवढे ने. त्यावर नोकराचे उत्तर ठरलेले असते: आत्ताच दे, नाही तर मी जबरदस्तीने घेईन. बायबलातील शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आलेला हा प्रसंग इस्राएलात राजा होण्यापूर्वीच्या काळातला आहे. म्हातारा याजक एली याचे मुलगे हफनी आणि फिनहास यांच्या हाती तेव्हा शिलोचा कारभार होता.

मराठी वाचकाला यात नवे काही दिसत नाही. पुरोहितशाही, दक्षिणा, देव आणि भक्त यांच्यामधला दलाल या विषयांवर आपल्याकडे दीडशे वर्षे इतका वाद झाला आहे, की कुठल्याही देशातला आणि कुठल्याही काळातला पुरोहित समोर आला तरी निकाल आधीच लिहून तयार असतो. प्राचीन इस्राएलचे याजक म्हणजे एक पोटार्थी वर्ग, अर्पणे म्हणजे त्या वर्गाच्या पोटापाण्याची सोय आणि बायबलातले अर्पणांच्या नियमांचे लेवीय हे पुस्तक म्हणजे त्या सोयीवर देवाच्या नावाने उमटवलेला शिक्का, असे वाचन मग आपोआप होऊन जाते. असे वाचणाऱ्यांत नास्तिक आहेत तसे भाविक ख्रिस्तीही आहेत. नियमशास्त्राचा काळ संपला असे म्हणत तेही लेवीयची पाने भराभर उलटतात, आणि खरे सांगायचे तर त्या पुस्तकातला गुरदे, काळजावरचा पडदा आणि आतड्यांवरची चरबी यांचा हिशेब पाहता त्यांना फारसा दोषही देता येत नाही.

मला मात्र शिलोच्या प्रसंगात काट्यापेक्षा त्या अनामिक माणसाचे बोलणे महत्त्वाचे वाटते. आधी चरबी, मग याजक, हा क्रम त्याला ठाऊक आहे. डोंगराळ मुलखातला एक साधा शेतकरी किंवा मेंढपाळ याजकाच्या माणसाला याजकाचाच नियम सांगतो आहे, आणि तो नियम मोडला जातो आहे हे ओळखण्याइतके त्याला कळते म्हणूनच ही गोष्ट गाऱ्हाणे म्हणून उरली. नियम फक्त याजकालाच माहीत असता, तर काट्याला लागून आलेले सगळे मांस त्याचेच आहे, यावर कोणाला काय म्हणता आले असते? माझे म्हणणे असे आहे की अर्पणांचे नियम हे याजकाच्या हक्कांची सनद म्हणून वाचण्यापेक्षा याजकाच्या हाताला घातलेला आवर म्हणून वाचले, तर ते जास्त नीट उलगडतात. ही व्यवस्था पुढे नासली हे खरे. पण कुठे आणि कशी नासली हे पाहिले तर दोष विधीकडे जात नाही, तो आवर कोणी आणि का सैल केला याकडे जातो.

आपली पहिली अडचण शब्दांची आहे. मराठी बायबलातील होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण हे शब्द भारदस्त आहेत, पण होम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंत्र येतो आणि मंत्राबरोबर तो जाणणारा ऋत्विज येतो. लेवीयच्या पहिल्या सात अध्यायांत, जिथे अर्पणांचे सगळे प्रकार सांगितले आहेत, याजकाने म्हणायचा एकही मंत्र दिलेला नाही. तिथे बोलायचे असेल तर अपराध करणाऱ्याने बोलायचे आहे, आपण काय केले ते कबूल करायचे आहे. येहेज्केल काउफमान या अभ्यासकाने याजकी विधींच्या या निःशब्दतेकडे विसाव्या शतकात लक्ष वेधले. तिचा सामाजिक अर्थ असा, की ज्या विधीत मंत्र नाही त्यात उच्चाराचे गुपित नाही, आणि जिथे गुपित नाही तिथे गुपिताची किंमतही लावता येत नाही. मेसोपोटेमियातील कित्येक विधिग्रंथांच्या अखेरीस जाणकाराने ते जाणकारालाच दाखवावेत, इतरांच्या दृष्टीस पडू देऊ नयेत, अशी ताकीद आढळते. लेवीयची सुरुवात मात्र इस्राएल लोकांशी बोल आणि त्यांना सांग, अशी आहे. हिब्रू शब्दही जमिनीवरचे आहेत. अर्पणाला कोर्बान म्हणतात, आणि त्याचा धातू जवळ येणे असा अर्थ देतो. होमार्पण म्हणजे ओला, वर जाणारे. अन्नार्पणाला मिन्हा म्हणतात, आणि याकोब रागावलेल्या भावाला, एसावाला, शांत करण्यासाठी जी जनावरे पुढे पाठवतो त्यांच्यासाठीही उत्पत्तीच्या पुस्तकात हाच शब्द येतो. घरच्या भाषेत नजराणा.

आता वेदीपाशी प्रत्यक्ष कोण काय करतो ते पाहू. माणूस आपल्या कळपातला निर्दोष पशू घेऊन येतो. त्याच्या डोक्यावर हात ठेवतो तो स्वतः, आणि लेवीयच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे त्याला मारतो, सोलतो आणि त्याचे तुकडे करतो तोही स्वतःच. याजकाचे काम रक्त वेदीकडे नेण्यापासून सुरू होते. तो विस्तव आणि लाकडे रचतो, तुकडे मांडतो. पुढच्या काळात कापण्याचे काम पुष्कळदा लेव्यांकडे, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांकडे, आणि याजकांकडे गेले असले, तरी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या मिश्नेतही, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहातही, असा निर्णय दिलेला आहे की याजक नसलेल्याने, स्त्रीने किंवा दासाने कापलेला यज्ञपशू ग्राह्य आहे. म्हणजे मरण घडवून आणण्याची जबाबदारी याजकावर सोपवून यजमानाला बाजूला उभे राहता येत नाही. ज्याला देवाजवळ जायचे आहे त्याचेच हात रक्ताने माखतात. आजच्या वाचकाला हे किळसवाणे वाटेल, आणि पशुबळीबद्दलचा तो आक्षेप मी खोडून काढू पाहत नाही. पण भक्ताला निव्वळ प्रेक्षक करून सोडणारा विधी हा नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागेल.

ज्याच्याकडे पशू नाही त्याने सपीठ आणायचे, त्यावर तेल ओतायचे, ऊद ठेवायचा. घरी चुलीवर, तव्यावर किंवा कढईत भाजून, तळून आणले तरी चालते. मीठ हवेच, खमीर आणि मध वेदीच्या विस्तवावर कधीही जाळायचे नाहीत. या पिठातून याजक एक मूठ घेतो, ती सगळ्या उदासह वेदीवर जाते, आणि उरलेले याजकांचे. इथे आपला संशय लगेच जागा होतो, की मूठभर देवाला आणि टोपलीभर याजकाला! पण ही मूठ कशी घ्यायची याचे जे वर्णन पुढे तालमुदात, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथात, आले आहे ते वाचण्यासारखे आहे. मधली तीन बोटे तळहातावर मिटायची, अंगठ्याने एका बाजूचे आणि करंगळीने दुसऱ्या बाजूचे बाहेर आलेले पीठ पुसून काढायचे, म्हणजे मूठ भरते पण ओसंडत नाही. मंदिरातल्या अत्यंत अवघड कामांत या मुठीची गणना होत असे. मुठीत एखादा खडा आला, मिठाचा कण आला किंवा उदाचा दाणा अडकला, तर तेवढ्याने मूठ अपुरी ठरते आणि सगळे अर्पण बाद होते. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते. मंदिराच्या अंगणातली मूठ मात्र सगळ्यांच्या देखत मिटायची आणि तिचे माप ठरलेले असायचे.

याच पिठाबद्दल लेवीयवरच्या एका जुन्या मिद्राशात, म्हणजे यहुदी भाष्यग्रंथात, एक कथा आहे. एका बाईने मूठभर पीठ आणले. याजकाने ते पाहून नाक मुरडले, की यातून खायचे काय आणि वेदीवर ठेवायचे काय? रात्री त्याला स्वप्नात सांगण्यात आले, तिची हेटाळणी करू नकोस, तिने जणू आपला जीवच अर्पण केला आहे. या कथेला मुळातल्या एका शब्दाचा आधार आहे. पशू अर्पण करणाऱ्याचा उल्लेख लेवीय माणूस असा करते, पण पीठ आणणाऱ्यासाठी नेफेश हा शब्द वापरते, आणि नेफेश म्हणजे जीव. कथा भाविक आहे, तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण ती रचणाऱ्यांनी नाक मुरडण्याचा दोष कोणाच्या पदरात टाकला आहे ते लक्षात घ्यावे.

गरिबाची सोय हा नियमांचाच भाग आहे. काही अपराधांसाठी मेंढी किंवा बकरी सांगितली आहे. ती परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले. तीही आवाक्याबाहेर असतील तर एफाचा दहावा हिस्सा, म्हणजे अंदाजे दोन लिटर मापाचे सपीठ, आणि त्यावर ना तेल ना ऊद. बाळंतिणीसाठीही अशीच सवलत आहे. लूकच्या शुभवर्तमानात मरीया आणि योसेफ येशूला घेऊन मंदिरात येतात तेव्हा पाखरांची जोडी देतात, कोकराचा उल्लेख नाही, आणि त्या काळच्या वाचकाला त्यावरून घरची परिस्थिती कळत असे.

शांत्यर्पणाचा, हिब्रूत शेलामीमचा, प्रकार मला सगळ्यांत अर्थपूर्ण वाटतो. यात चरबी देवाची, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, आणि बाकी सगळा पशू आणणाऱ्या कुटुंबाचा. उपकारस्तुतीचे अर्पण असेल तर ते मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. नवसाचे किंवा खुशीचे असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी उरलेले जाळून टाकायचे. एक बैल एका कुटुंबाने एका दिवसात कसा खावा? खाता येतच नाही. शेजारपाजार बोलवावा लागतो, वाटेने जाणाऱ्याला बसवावे लागते. असा हेतू लेवीयने कुठे लिहून ठेवलेला नाही, तो मी नियमावरून काढतो आहे. पण अनुवाद या पुस्तकात सणाच्या पंगतीला लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना बरोबर घेण्याची आज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. ज्या समाजात मांस क्वचितच ताटात पडत असे, तिथे हा नियम म्हणजे सक्तीची पंगत होती. याजक तिचा एक वाटेकरी होता. यजमानपण त्याच्याकडे नव्हते.

आणि याजकाचे पोट? त्याला जमिनीचा वाटा नाही. गणना या पुस्तकात याजकांचा मूळपुरुष अहरोन याला देव सांगतो की यांच्या देशात तुला वतन नाही, तुझा वाटा आणि तुझे वतन मीच आहे. लेव्यांना लोकांच्या उत्पन्नाचा दशमांश, आणि त्या दशमांशाचा दशमांश याजकांना. या व्यवस्थेचे वेगळेपण उत्पत्तीच्या ४७व्या अध्यायाशेजारी ठेवले की उठून दिसते. दुष्काळात याकोबाचा मुलगा योसेफ सगळ्या मिसरची जमीन फारोसाठी विकत घेतो, फक्त पुरोहितांची जमीन सुटते, कारण त्यांना फारोकडून नेमणूक होती. इस्राएलच्या परंपरेने मिसरी पुरोहितांची ही जमीन आवर्जून नोंदवली आणि स्वतःच्या याजकांना मात्र भूमिहीन ठेवले, याला मी योगायोग मानत नाही. अर्थात कागदावरचा नियम आणि जमिनीवरचा व्यवहार यांत अंतर होतेच. शलमोनाने हद्दपार केलेल्या अब्याथार याजकाची अनाथोथात शेते होती, त्याच अनाथोथातल्या याजक घराण्यात जन्मलेल्या यिर्मयाने चुलतभावाचे शेत विकत घेतले, आणि पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस, जो स्वतः याजककुळातला होता, यरुशलेमजवळच्या आपल्या जमिनींचा उल्लेख करतो. नियम पाळला गेला नाही, यावरून तो नियम याजकांच्या सोयीसाठी रचला होता असे मात्र ठरत नाही. सोयीचे नियम लोक मोडत नाहीत.

लेवीयच्या चौथ्या अध्यायातला क्रम तर पुरोहितशाहीच्या नेहमीच्या चित्रात बसतच नाही. नकळत घडलेल्या पापांच्या त्या यादीत पहिला अपराधी आहे अभिषिक्त याजक. त्याच्या पापाने लोकांवर दोष येतो, असे वाक्य आहे. त्याच्यानंतर सगळी मंडळी, मग सरदार, आणि सर्वांत शेवटी सामान्य माणूस. याजकाला बैल द्यावा लागतो, सामान्याला बकरी किंवा मेंढी. सामान्याच्या पापार्पणाचे मांस याजकाने खायचे असते, पण याजकाच्या स्वतःच्या पापासाठी मारलेल्या बैलातले काहीही त्याला खाता येत नाही. तो सगळाच्या सगळा छावणीबाहेर नेऊन जाळायचा. याजकाने स्वतःसाठी आणलेल्या अन्नार्पणालाही तोच न्याय आहे, ते पूर्ण जाळायचे. आपल्या चुकीतून आपलेच ताट भरायचे नाही, इतक्या बारकाईने ही वाट बंद केलेली आहे.

पापार्पणाने पापाची माफी विकत घेता येत होती, हा समजही तपासून घ्यावा. शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडणूक केली, सापडलेली वस्तू नाकारून खोटी शपथ घेतली, तर लेवीयचा नियम असा की आधी मूळ ऐवज परत करायचा, त्यावर पाचवा हिस्सा जास्त घालायचा आणि तो ज्याचा त्याच्या हाती द्यायचा, मेंढा त्यानंतर. मुद्दाम, उद्दामपणे केलेल्या पापाला तर गणनेच्या पंधराव्या अध्यायात अर्पणाची वाटच ठेवलेली नाही. पुढे मिश्नेने हेच तत्त्व प्रायश्चित्ताच्या दिवसाला लावले: माणसामाणसांतल्या अपराधाची क्षमा त्या दिवशी मिळत नाही, दुखावलेल्या माणसाची समजूत घातल्याशिवाय नाही. वेदीला सावकाराची पेढी करण्याचा मोह कुठल्याही धर्मात असतो, इस्राएलातही होता, पण तो भागवण्यासाठी आधी हे नियम ओलांडावे लागत.

या व्यवस्थेची तरफदारी करताना तिच्यातले जे मला पटत नाही तेही सांगितले पाहिजे. याजकपद जन्माने मिळत असे, अहरोनाच्या वंशातल्या पुरुषांनाच. आंधळा, लंगडा, कुबडा, हात मोडलेला याजकपुत्र वेदीजवळ जाऊ शकत नसे. त्याला याजकांच्या पवित्र अन्नात वाटा होता, तो उपाशी राहत नव्हता, हे खरे. पण शरीराच्या व्यंगाला अपात्रता ठरवणारा नियम अन्नाच्या वाट्याने गोड होत नाही. हे पद कुळाने बांधले, यातच पुढच्या ऱ्हासाचे एक बीज होते. जे पद गुणाने मिळत नाही ते अवगुणाने जातही नाही, आणि हफनी-फिनहासांना हटवण्याची सोय शिलोच्या त्या माणसाकडे नव्हती.

संदेष्ट्यांनी याजकांवर जे कोरडे ओढले त्यांचा पुरावा नेहमी पुढे केला जातो. तुमचे सण मला वीट आणतात, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे आमोस इसवी सनपूर्व आठव्या शतकात बेथेलला सांगतो, आणि तिथला याजक अमस्या त्याला यहूदा या शेजारच्या राज्यात जाऊन पोट भरायला सांगतो. होशेयाचा घाव तर भाषेतच आहे. हत्तात या एकाच हिब्रू शब्दाचे पाप आणि पापार्पण असे दोन्ही अर्थ होतात, आणि याजक माझ्या लोकांच्या पापावर जगतात, असे तो म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकू येतात: लोक जितके जास्त चुकतील तितके याजकांचे ताट भरलेले. यावरून एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट अभ्यासकांनी, त्यांतही युलियुस वेलहाउझेन यांनी, असे चित्र उभे केले की संदेष्ट्यांचा जिवंत धर्म हाच इस्राएलचा खरा धर्म आणि याजकांचे नियम म्हणजे त्याला नंतर आलेला साचलेपणा. याजकी नियमांचे अंतिम लेखन उशिराचे असावे, हे त्यांचे म्हणणे गंभीरपणे घेण्यासारखे आहे. उशिराचे म्हणून ते निर्जीव, हा मूल्यनिर्णय मात्र पुराव्यातून येत नाही. यिर्मया याजक घराण्यातला होता, यहेज्केल स्वतः याजक होता. मलाखी तर नियम काटेकोरपणे पाळत नाहीत म्हणून याजकांना झोडपतो: आंधळे, लंगडे, आजारी जनावर वेदीवर आणता, तेच तुमच्या सुभेदाराला नेऊन देऊन पाहा, तो प्रसन्न होईल का? संदेष्ट्यांचा राग आणि शिलोच्या त्या माणसाचा राग एकाच जातीचा आहे.

मग बिघडले कुठे? माझ्या मते त्याची एक सुरुवात चांगल्या हेतूने झाली. इसवी सनपूर्व ६२२च्या सुमारास यहूदाचा राजा योशीया याने गावोगावची उच्चस्थाने, म्हणजे स्थानिक पूजास्थाने, मोडून सगळी अर्पणे यरुशलेमच्या एका मंदिरात आणली. स्थानिक वेद्या किती खऱ्या होत्या हे उत्खननांत दिसले आहे. बैर-शेबा येथे चार शिंगांच्या मोठ्या वेदीचे दगड नंतरच्या भिंतीत चिणलेले सापडले. अराद येथील छोट्या देवळात दोन धूपवेद्या मिळाल्या, आणि त्यांतल्या एकीवर ऊद आणि दुसरीवर चक्क गांजा जाळल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीतून कळले. अशा प्रकारांना आळा घालणे हा केंद्रीकरणाचा हेतू होता, आणि अनुवाद हे पुस्तक त्यातली व्यावहारिक अडचणही ओळखते. वेदी लांब असेल तर गावात मांस खा, फक्त रक्त पाण्यासारखे जमिनीवर ओत. दशमांश वाहून नेणे जड जात असेल तर तो विकून पैसे गाठीला बांध आणि तिथे जाऊन हवे ते विकत घे. नियम माणुसकीचा आहे. पण वेदी घराजवळून गेली तशी तिची रोजची ओळखही गेली. ज्याच्या गावातच वेदी होती त्याला चरबी आधी की मांस आधी हे बघून बघून कळत असे. वर्षातून फार तर तीनदा यरुशलेमला जाणाऱ्याला ते विचारून घ्यावे लागे. आणि गाठीला बांधलेल्या पैशाबरोबर बाजार आला.

दुसरा आणि मोठा घाव राजसत्तेचा होता. इसवी सनपूर्व १७५ च्या सुमारास यासोन याने सिल्युकस घराण्याचा राजा चौथा अँटिऑकस याला पैसे देऊन मुख्य याजकपद मिळवले, आणि तीन वर्षांत मेनेलाउसने ३०० टॅलेंट चांदी जास्त बोलून ते पटकावले. पुढे हेरोद आणि रोमी सुभेदार आपल्या मर्जीप्रमाणे मुख्य याजक नेमू आणि काढू लागले. हेरोदापासून मंदिर पडेपर्यंतच्या १०७ वर्षांत असे २८ मुख्य याजक झाले, असे योसेफस मोजून सांगतो. काही काळ तर मुख्य याजकाची पवित्र वस्त्रे रोमी पहाऱ्यात अँटोनिया गढीत असत आणि सणापुरती बाहेर दिली जात. त्याच योसेफसने लिहून ठेवले आहे की शेवटच्या दशकांत मुख्य याजकांचे नोकर थेट खळ्यांवर जाऊन दशमांश बळजबरीने उचलत, आणि ज्या गरीब याजकांचा तो हक्क होता त्यांच्यातले काही उपासमारीने मेले. शिलोचा काटा हजार वर्षांनी परत आला, पण या वेळी तो याजकांच्याच ताटात घुसला होता. बोएथस आणि हनान या याजक घराण्यांवरचे एक लोकगाऱ्हाणे तालमुदाने जपले आहे: ते मुख्य याजक, त्यांचे मुलगे खजिनदार, जावई कारभारी, आणि त्यांचे नोकर लोकांना काठ्यांनी झोडपतात.

अशा काळातही आवर घालणारा कोणी निघत असे, आणि तो नियमाच्याच आधाराने घालत असे. मिश्नेतली एक नोंद आहे. यरुशलेमात बाळंतिणींच्या पाखरांच्या जोडीचा भाव सोन्याच्या दीनारावर गेला. प्रत्येक बाळंतपणामागे एक जोडी द्यायची तर गरीब बाईने काय करावे? रब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी मंदिराची शपथ घेतली की हा भाव चांदीच्या दीनारावर आल्याशिवाय आज रात्री मी झोपणार नाही. ते न्यायसभेत गेले आणि त्यांनी निर्णय दिला की जिची पाच बाळंतपणांची अर्पणे राहिली आहेत तिने एकच जोडी द्यावी आणि अर्पणांच्या भोजनात सामील व्हावे. बाकीच्या चार जोड्यांचे ओझे तिच्यावर नाही. त्याच दिवशी भाव पाव दीनारावर उतरला. इथे विधी रद्द झाला नाही, विधीच्या नावाने चाललेली साठेबाजी झोपली. शिमोन याजक नव्हते, शिक्षक होते, आणि त्यांच्यापाशी होते ते फक्त नियमाचे ज्ञान.

इसवी सन ७० मध्ये तितुसच्या सैन्याने मंदिर जाळले आणि अर्पणे थांबली. उद्ध्वस्त मंदिराकडे पाहून हळहळणाऱ्या आपल्या सहकाऱ्याला रब्बान योहानान बेन जक्काई यांनी समजावले, असे परंपरा सांगते, की आपल्यापाशी तेवढ्याच तोलाचे दुसरे प्रायश्चित्त आहे, ते म्हणजे दयेची कृत्ये. आणि आधार दिला तो होशेयाच्या वचनाचा, मला यज्ञ नको, दया हवी. नुसत्या पुरोहितांच्या पोटासाठी उभा असलेला धर्म त्यांचे ताट गेल्यावर टिकला नसता. यहुदी धर्म टिकला, कारण अर्पणाचे ज्ञान याजकांच्या मालकीचे कधीच नव्हते. याजकवंशीयांना, कोहेन मंडळींना, सभास्थानात आजही एक काम आहे: गणनेच्या सहाव्या अध्यायातला १५ हिब्रू शब्दांचा आशीर्वाद उच्चारणे. यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथे १९७९ साली सापडलेल्या रुप्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्यांवर या आशीर्वादाचे शब्द कोरलेले निघाले. त्या पहिले मंदिर, म्हणजे तितुसच्या कितीतरी आधी बाबेलच्या सैन्याने पाडलेले मंदिर, पडण्याच्या आसपासच्या काळातल्या आहेत. मुळात या आशीर्वादालाही एक आवर आहे. याजकांनी शब्द उच्चारावेत असे सांगून झाल्यावर देव म्हणतो, आणि आशीर्वाद मी देईन.

कोकणात या सगळ्याचा एक धागा आपल्या अगदी अंगणात येतो. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हटले गेले, ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, नवस फेडताना, लग्नकार्यात किंवा संकट टळल्यावर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलदोडा, वर सुकामेवा आणि बाजूला फळे, असे ताट मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि जमलेल्यांना ते वाटतात. यात मिन्हाची आणि उपकारस्तुतीच्या अर्पणाची आठवण पाहणारे आहेत, आणि दर्ग्यावरच्या मलिद्याशी त्याचे नाते जोडणारेही आहेत. दोघांचेही थोडे थोडे खरे असायला हरकत नाही. वेदी नाही, विस्तव नाही, चरबीही नाही. पोहे घरातली माणसे भिजवतात, प्रार्थना सभास्थानाचा हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, किंवा घरातला जाणता माणूस म्हणतो, आणि कोहेन आलेला नसला तरी ताट अडत नाही.